आंबा, संख्या १

पुण्यात एरंडवण्याच्या एका आतल्या गल्लीत, फाटकावर १९६४ कोरलेल्या बंगल्याच्या आवारात एक आंबा आहे आणि त्याच्या बुंध्यावर एक कागद चिकटवलेला आहे. मेच्या उन्हाने कागदाचे कोपरे वळले आहेत. पुनर्विकासासाठी खालील झाडं काढण्याची परवानगी मागितली आहे, हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी, असा मजकूर. खाली तक्ता. झाडाचं नाव आणि संख्या, एवढेच दोन रकाने. आंबा १, नारळ २, बकुळ १, सोनचाफा १, खोटा अशोक ३, शेवगा १, पेरू १, सीताफळ १, रामफळ १, पारिजातक १, लिंबू १, कढीपत्ता १. एकूण १५. छापील मजकूर इथे संपतो. पण आंब्याच्या ओळीपुढच्या मोकळ्या जागेत कुणीतरी निळ्या बॉलपेनने ‘१८८’ असा आकडा लिहून ठेवला आहे. ना सही, ना एकक. बाकी अकरा ओळींपुढे काहीच नाही.

तो आकडा काही केल्या डोक्यातून जात नाही.

१८८ म्हणजे घेर, सेंटिमीटरमध्ये. झाडं मोजायची सवय असलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, बुंध्याभोवती टेप गुंडाळायची ही वनखात्याची जुनी रीत. हे काम दिसतं त्यापेक्षा चुकायला सोपं आहे. टेप एका बाजूला खाली सरकली की घेर वाढतो. बुंध्यावर चढवलेल्या मनी प्लॅन्टच्या वरून टेप घेतली तर वेलाची जाडी झाडाच्या खात्यात जमा होते. आंबा बऱ्याचदा नेमका छातीच्या उंचीवरच दुभंगायला लागतो आणि तिथे बुंधा फुगलेला असतो. अशा वेळी फुगवट्याच्या खाली, जिथे बुंधा सर्वांत बारीक असेल तिथे मोजायचं आणि ती उंची लिहून ठेवायची. पेरू, कढीपत्ता, डाळिंब यांना तर जमिनीपासूनच तीन-चार खोडं फुटतात. त्यांचे घेर नुसते बेरजेत घेतले की गणित फसतं. ४०, ३० आणि २५ सेंटिमीटरच्या तीन खोडांचा एकत्रित घेर ९५ होत नाही; तिघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ घ्यायचं, उत्तर येतं ५६. पुढच्या गणितात घेराचा जवळजवळ वर्ग होत असल्यामुळे ९५ धरले तर झाडाचं वजन पावणेतीन पटीहून थोडं जास्तच फुगतं. पण सगळ्यांत महागडी चूक वेगळीच आहे. घेराला ३.१४ ने भागून व्यास काढायचा राहून जातो आणि घेरच व्यास म्हणून सूत्रात जातो. मग झाड नऊ पट जड होतं, आणि कागदावर ते खरंही वाटतं, कारण जिवंत झाड तराजूवर ठेवलेलं कुणी पाहिलेलंच नसतं.

उंचीसाठी शाळेतला चौकोनी कागद पुरतो. तो कर्णावर दुमडायचा, एक कड जमिनीला समांतर धरून दुमडलेल्या कडेवरून शेंड्याकडे बघत मागे मागे जायचं. शेंडा त्या रेषेत आला की बुंध्यापासून आपलं जेवढं अंतर, त्यात डोळ्यांची उंची मिळवली की झाडाची उंची. बंगल्यांच्या गल्लीत चौदा मीटर मागे सरकायला जागा असतेच असं नाही. तेव्हा शेजारच्या इमारतीचे मजले मोजायचे, मजल्याला तीन मीटर. हा आंबा पाचव्या मजल्याच्या खिडकीच्या चौकटीच्या जरा खाली थांबतो. चौदा मीटर धरायला हरकत नाही.

१८८ चा व्यास होतो ६० सेंटिमीटर. आंब्याच्या लाकडाची घनता घनसेंटिमीटरला ०.५५ ग्रॅमच्या आसपास. उष्ण कटिबंधातल्या झाडांसाठी शाव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दिलेलं सूत्र जगभर वापरतात : घनता, सेंटिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग आणि मीटरमधली उंची यांचा गुणाकार, त्याचा ०.९७६ वा घात, आणि त्याला ०.०६७३ ने गुणायचं. जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन मिळतं १,४६० किलो. पण हे सूत्र जंगलातल्या झाडांवर बेतलेलं आहे. अंगणातलं झाड एकटं वाढतं, उंच जाण्यापेक्षा पसरतं, तारांसाठी आणि गच्चीसाठी दर दोन-तीन वर्षांनी त्याच्या फांद्या छाटल्या जातात. म्हणून शहरी झाडांसाठी अमेरिकेतल्या अभ्यासातून आलेला ०.८ हा गुणक लावायची पद्धत आहे. उरले सुमारे १,१७० किलो. मुळांसाठी त्यात साधारण पाव हिस्सा वाढवायचा, मग कोरड्या वजनापैकी ४७ टक्के कार्बन धरायचा. म्हणजे ६९० किलो कार्बन, आणि कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत अडीच टन.

अडीच टन हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्या हिशेबाने या आंब्याने साठ वर्षांत जे बांधून ठेवलं, ते ११०० लिटर पेट्रोलमध्ये सुटून जातं. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात साडेसोळा हजार किलोमीटर जाते; नोकरीसाठी रोज हिंजवडीला जाणाऱ्याचं एक-दीड वर्ष. हे लपवून झाडाची बाजू मांडण्यात अर्थ नाही. परसातली झाडं शहराचा धूर गिळून टाकतील असं सांगणारे लोक झाडांचं भलं करत नाहीत, कारण कधीतरी कुणीतरी हा भागाकार करतोच आणि मग ‘एवढंच होय’ म्हणून कुऱ्हाडीला मोकळीक मिळते. पण ‘एवढंच’ म्हणणाऱ्याने पुढचा हिशेबही करावा.

महाराष्ट्रात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, नागरी क्षेत्रांसाठीचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यात पन्नास वर्षं किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा आहे, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, तीही सहा ते आठ फुटांची, अशी अट आहे. हेतू चांगला आहे. आधीच्या काळात एका झाडाला एक-दोन काटक्या रोवून भागत असे, त्याच्या कितीतरी पुढचं हे पाऊल. साठ वर्षांच्या आंब्याला साठ रोपं. आता आठ फुटांच्या, दहा सेंटिमीटर घेराच्या रोपाला तेच सूत्र लावून बघा. ते इतक्या लहान झाडांसाठी बांधलेलं नाही, तरी अंदाज येतो : मुळांसकट एका रोपात अर्धा किलो कार्बन. साठ रोपांत तीस किलो. समोर ६९० किलो उभे आहेत. साठच्या साठ जगली तरी पहिल्या दिवशी तेविसात एक एवढीच भरपाई होते, आणि उरलेली यायला पुन्हा वर्षं लागतात. साठ रोपांना मिळून साठ लागणार नाहीत, पण बरीच लागतील, तेही उन्हाळ्यात कुणी पाणी घातलं तर. झाडाचा कार्बन घेराच्या वर्गाने वाढतो. म्हणून म्हातारं झाड एका पावसाळ्यात जेवढं लाकूड चढवतं तेवढं रोपाला कित्येक वर्षांत जमत नाही.

एवढ्यावर थांबलं तर बॉलपेनवाल्या माणसाचं म्हणणं पूर्ण झालं असं वाटेल. त्याने बरोबर झाड निवडलं.

तरी त्या अकरा रिकाम्या ओळी खुपत राहतात. नजरेने अंदाज घेत सगळ्या आवाराचा हिशेब मांडला तर दिसतं ते असं. नारळ बाजूला ठेवावे लागतात, कारण नारळाचं खोड जाडीत वाढत नाही, त्याला हे सूत्रच चालत नाही, फक्त उंचीवरून वेगळं मोजावं लागतं. बाकीच्या तेरा झाडांचं जमिनीवरचं कोरडं वजन साधारण अठराशे किलो. त्यातले दोन-तृतीयांश एकट्या आंब्याचे. बकूळ, सोनचाफा, तीन खोटे अशोक आणि शेवगा मिळून साडेपाचशे. आणि पेरू, सीताफळ, रामफळ, पारिजातक, लिंबू, कढीपत्ता या सहांचे मिळून ऐंशी किलो, म्हणजे शंभरात चार-पाच. बारा जातींपैकी निम्म्या जाती कार्बनच्या वहीत जवळपास नाहीतच. त्या उद्या काढल्या तरी बेरजेला धक्का लागत नाही.

पण सकाळी सहाला त्या फाटकाशी उभं राहिलं तर हिशेब उलटा होतो. आंबा वर्षातून एकदा बोलतो, पौष-माघात मोहोर आला की गल्लीभर तो तुरट-गोड वास आणि तुडतुड्यांनी सांडलेल्या मधाचा चिकटपणा खालच्या स्कूटरच्या सीटवर. बाकीचं वर्ष ही चिल्लर झाडंच चालवतात. भाद्रपदात पारिजातकाचा सडा, दव असलं तर नारंगी देठांचा रंग फरशीवर उतरलेला. शरदात सीताफळ डोळे उघडतं, फाल्गुनात रामफळ पिकतं आणि बुलबुल त्याला भोक पाडतात. शेवग्याच्या पांढऱ्या तुऱ्यांवर थंडीत शिंजीर लोंबकळतो, आणि त्याच्याच वाळक्या, भुसभुशीत फांदीत तांबट पक्षी गोल दार कोरतो, कारण बकुळीच्या लाकडात त्याची चोच चालत नाही. लिंबावर ब्लू मॉर्मन अंडी घालतं. आपलं राज्य फुलपाखरू म्हणून त्याचं कौतुक करायचं आणि लिंबावरची पक्ष्यांच्या विष्ठेसारखी दिसणारी बारकी अळी किडा म्हणून चिरडायची, हे एकाच घरात घडतं. खोट्या अशोकाला झाडप्रेमी मंडळी नाकं मुरडतात, पण टेल्ड जे हे हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू त्याच्यावर वाढतं, आणि सोनचाफ्यावर आणि सीताफळावरही. एका आवारात त्याची निदान तीन घरं आहेत.

लाकडाची घनता हा या सगळ्यातला बोलका आकडा आहे. शेवगा ०.२६, बकूळ ०.८ च्या आसपास. दोघांचा घेर ७९ सेंटिमीटर आणि उंची नऊ मीटर असली तरी सूत्राप्रमाणे शेवग्यात ८३ किलो लाकूड आणि बकुळीत जवळपास २५०. शेवगा तीन वर्षांत जेवढा होतो तेवढं व्हायला बकुळीला कित्येक पट काळ लागतो. मग लावायचं काय? निव्वळ कार्बनवाला माणूस म्हणेल बकूळ, आणि घाईत असलेला कार्बनवाला म्हणेल शेवगा. तांबटाला दोन्ही उत्तरं अर्धी वाटतील. एकाच आवारात दोन्ही असणं हेच परसबागेचं शहाणपण, आणि ते कुणी आराखडा काढून आणलेलं नसतं. शेवगा फाटकाजवळ, कारण शेंगा शेजाऱ्यांनाही तोडता याव्यात. लिंबू न्हाणीच्या पाण्यावर. कढीपत्ता स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, फोडणी तडतडत असताना हात पोचेल इतक्या अंतरावर. पारिजातक देवघराच्या खिडकीखाली.

विविधता मोजायलाही सूत्र आहे, शॅननचा निर्देशांक. प्रत्येक जातीचा एकूण झाडांतला वाटा काढायचा, त्याला त्याच वाट्याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करून ऋण चिन्ह काढून टाकायचं. या पंधरा झाडांचा निर्देशांक येतो २.४०, बारा जातींत जास्तीत जास्त २.४८ येऊ शकतो. आता समजा त्याच जागी नव्या इमारतीच्या कडेने नऊ फॉक्सटेल पाम, चार विलायती चाफे आणि दोन टॅबेबुइया लावले. झाडं पंधराच, निर्देशांक ०.९३. कागदावरच्या ‘संख्या’ या रकान्यात दोन्हीकडे १५ असेल.

हा निर्देशांकही सगळं सांगत नाही. गल्लीतल्या दहा बंगल्यांची खरी श्रीमंती एकेका आवारात नसते, ती दोन आवारांमधल्या फरकात असते. या घरी रामफळ, पलीकडे बेल, त्याच्या समोर कवठ, कोपऱ्यावर कोकणातून कुणीतरी पिशवीत घालून आणलेल्या आठळीतून आलेला फणस. पोफळीही आणल्या होत्या लोकांनी. पुण्याच्या सातशे-साडेसातशे मिलिमीटर पावसात आणि चैत्राच्या कोरड्या वाऱ्यात त्यांची पानं कडेने करपत गेली. कोकणातल्या आगराचं किंवा गोव्याच्या कुळागराचं मजल्यामजल्यांचं रचणं, वर माड, मग पोफळ, तिच्यावर मिरीचा वेल, खाली केळ आणि हळद, तसंच्या तसं घाटावर येत नाही. पण सवय आली. रस्त्याकडेची झाडं एका टेंडरने येतात, परसातली झाडं चाळीस माहेरांहून येतात. केरळच्या मध्य भागातल्या परसबागांवर बी. मोहन कुमार यांचा २०११ सालचा अभ्यास आहे. तिथे हेक्टरी १६ ते ३६ टन कार्बन जमिनीवरच्या लाकडात सापडला, आणि क्षेत्राच्या मानाने लहान बागांत तो जास्त निघाला. लहान जागेत माणूस दाटीने लावतो, हे आपल्याकडच्या दोन गुंठ्यांतही दिसतं.

एकाच जातीवर भिस्त ठेवली की काय होतं, ते पाहायला लांब जायला नको. सुबाभुळीवरची चिकट सिलिड कीड १९८८ मध्ये भारतात आली आणि हिरवेगार पट्टे काळवंडले. मुंबईत पिठ्या ढेकणाने पर्जन्यवृक्षांच्या रांगा वाळवल्या. अमेरिकेतल्या रस्त्यांवरचे एल्म बुरशीने गेले, तेव्हाच्या शहाणपणातून फ्रँक सँटामूर यांनी १९९० मध्ये ठोकताळा मांडला : एका जातीची झाडं दहा टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, वीस टक्क्यांहून आणि एका कुळाची तीस टक्क्यांहून जास्त नकोत. पंधरा झाडांच्या आवाराला तो शब्दशः लावता येत नाही, गल्लीला लावता येतो. वीस नव्या इमारतींनी एकाच नर्सरीची एकच यादी वापरली तर गल्ली नापास होते.

पाम का लावतात याचं उत्तर हौसेत नाही, पार्किंगमध्ये आहे. कुंपणापासून कुंपणापर्यंत तळघर खणलं की वरची बाग स्लॅबवर बसते. तिथे मातीचा थर मीटरभर मिळाला तरी खूप. आंब्याचं सोटमूळ तिथे जाणार कुठे? म्हणून आराखड्याच्या वेळीच भांडायचं असेल तर ते एका गोष्टीसाठी भांडावं : तळघराच्या बाहेर, खऱ्या जमिनीला लागून, एका बाजूला तरी सलग पट्टा राहू द्या. जुनं झाड वाचवायचं असेल तर बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येत खोदकाम, सिमेंटची पोती, खडीचे ढीग आणि मिक्सरचं धुतलेलं पाणी यांना मज्जाव. या आंब्याला ती त्रिज्या सव्वासात मीटर. पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या दोन फुटांत पसरलेली असतात. एका बाजूने पाइपसाठी चर खणला की झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळतं, आणि तोवर चर कुणाच्या लक्षातही नसतो. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवणं हीसुद्धा तशीच सावकाश हत्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडाभोवतीचं एक मीटरचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो मीटर किमान आहे, पुरेसा नाही.

‘पुनर्रोपण करू’ असं आश्वासन अशा वेळी हमखास दिलं जातं. त्याचं गणितही करून बघावं. मुळांचा गोळा व्यासाच्या दहा पट हवा, म्हणजे सहा मीटर रुंद आणि किमान एक मीटर खोल. २८ घनमीटर माती, पंचेचाळीस टन. या गल्लीत तेवढी क्रेन वळत नाही. प्रत्यक्षात दीड-दोन मीटरचा गोळा काढतात, फांद्या खुंटापर्यंत छाटतात, आणि पहिल्या पावसात खोडावर पालवी फुटली की फोटो निघतो. ती पालवी खोडात साठलेल्या पिष्टावर फुटलेली असते. नवी मुळं आली नाहीत तर पुढच्या मेपर्यंत ती साठवण संपते. वड, उंबर, पांगारा यांचं जमतं. साठ वर्षांच्या आंब्याचं जमेल असं सांगणाऱ्याकडे दुसऱ्या उन्हाळ्यातला फोटो मागावा.

आणि झाड जाणारच असेल तर लाकूड कुठे जातं ते विचारावं. आंब्याचे ओंडके सहसा भट्टीत, स्मशानात नाहीतर खोक्यांत जातात. भट्टीत गेले तर अडीच टनांतला बराचसा भाग एका आठवड्यात परत हवेत. ओंडका पडल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करवतून फळ्या केल्या, बोरॅक्स-बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवल्या आणि मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचल्या तर भुंगा आणि निळी बुरशी लागत नाही. त्या नव्या इमारतीच्या जिन्याच्या कठड्याला, वाचनालयाच्या कपाटांना चालतात. तेवढा कार्बन आणखी एक पिढी घरात राहतो. हे कुणी करत नाही याचं कारण अज्ञान कमी आणि घाई जास्त.

नवं लावताना माणसं खड्ड्यात पैसे वाचवतात आणि रोपात घालवतात. करायचं ते उलट. वैशाखात तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्यायचा आणि पंधरा दिवस तापू द्यायचा. पुण्यात दीड फुटावर मुरूम लागतो. तो पहारीने फोडून बाहेर टाकायचा, परत भरायचा नाही. पोयटा माती, चार घमेली कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत, किलोभर निंबोळी पेंड. मृगाचे दोन पाऊस झाले की रोप. पिशवी ब्लेडने उभी फाडल्यावर तळाशी मुळांची गुंडाळी दिसली तर ती कापून सरळ करायची. आठ फुटांच्या रोपांत ती जवळजवळ असतेच, आणि न कापता लावलेलं झाड दहा वर्षांनी पहिल्या मोठ्या वळवात मुळांसकट आडवं होतं, कारण त्याने जमीन कधी धरलेलीच नसते. म्हणून उंच रोपाच्या अटीपेक्षा तीन फुटांचं, सरळ मुळाचं रोप बरं. खोडाची मान मातीच्या वर राहिली पाहिजे. वाळल्या पानांचा चार बोटं थर आळ्यात, पण खोडाला न चिकटवता. ती पानं कोपऱ्यात पेटवणं म्हणजे झाडाने वर्षभर जमवलेलं एका संध्याकाळी उडवणं आणि वर शेजारच्या दमेकऱ्याला खोकवणं.

आणि जागा असेल तर कलमी हापूस-केसरऐवजी एक तरी रायवळ कोय लावावी. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देतं आणि आटोपशीर राहतं. बाजाराला तेच हवं. रायवळ आठ-दहा वर्षं नुसता वाढतो, आणि फळ कसं निघेल ते आधी कळत नाही. आंबट, धागेदार, चोखून खायचं. पण त्या वाट पाहण्याच्या वर्षांतच सोटमूळ खाली जातं आणि बुंधा १८८ च्या वाटेला लागतो. बंगल्यातला आंबाही रायवळच आहे. खाली पडलेल्या कोयींवरच्या लांब, राठ धाग्यांवरून कळतं. गेल्या पावसाळ्यातल्या कोयींपैकी चार रुजल्या आहेत, तांबूस-तपकिरी मऊ पानांच्या, वीतभर उंच. त्या तक्त्यात नाहीत.

हरकतीची मुदत अजून चार दिवस आहे. हरकतीच्या अर्जात ‘झाडं तोडू नयेत’ एवढं लिहिलं तर त्याला उत्तर देणं सोपं असतं. प्रत्येक झाडाचा घेर, उंची, त्यावरचं घरटं, बुंध्यापासून प्रस्तावित तळघराच्या भिंतीचं अंतर आणि आराखडा कुठे दोन मीटर मागे घेता येईल ते लिहिलं तर उत्तर देणाऱ्यालाही टेप घेऊन यावं लागतं. बॉलपेनवाल्याने आंब्यापाशी सुरुवात केली. शिंप्याची टेप दीड मीटरची असते. आंब्याला ती अपुरी पडते, मध्ये खडूने खूण करून दोनदा लावावी लागते. उरलेल्या अकराही ओळींना ती पुरते.